गेरूखालचे डाग

सरकटे मॅडमच्या खोलीत शिरलं की पेशंटच्या कानावर पहिलं वाक्य पडायचं, "चपला काढा."

माणूस बिचकायचा. कुणाला वाटायचं, फरशी नुकती पुसलेली असेल. कुणी मागच्या पावली जाऊन चपला दाराबाहेर ठेवून यायचा. रिठदकडचे एक म्हातारे बाबा तर चपला काढून सरळ मॅडमच्या पाया पडायला वाकले. मॅडमनी त्यांना दंड धरून उठवलं आणि म्हणाल्या, "बाबा, पाया मीच तुमच्या पडतो. तुमी बसा अन् पाय वर घ्या. तळवे पाहू द्या मले."

मग त्या स्टूल ओढून पेशंटच्या पायाशी बसायच्या. चिखलाचे, भेगाळलेले, काळ्या मातीनं कायमचे रंगलेले पाय. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात दांडीचं भिंग. पावलं झाली की तळहात, मग तोंड, जिभेखाली, कानामागं, केसांत, पडदा ओढून बाकीचं सगळं. पायापासून डोक्यापर्यंत. माणूस खोकला घेऊन आलेला असो की ताप घेऊन.

त्या त्वचारोग आणि लैंगिक आजारांच्या डॉक्टर होत्या. जिल्ह्यातल्या ज्या सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे, तिथं एचआयव्हीच्या गोळ्या देणारं केंद्र आहे. मॅडम त्या केंद्राचं काम बघायच्या. मी किन्हीराजाकडची. आईबापांनी दुसऱ्याच्या वावरात कामं करून मला शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बी.एस्सी. झाले, मग लॅबचा डिप्लोमा केला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण नाही. मॅडमना पहिल्या दिवशी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शाबास. आता इथं शिक."

मॅडम रिसोड तालुक्यातल्या. साहेब लोकांशी स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलत, पण पेशंटसमोर बसल्या की अस्सल वऱ्हाडी. आमच्याकडच्या बायांसारखंच 'मी येतो, मी करतो' म्हणायच्या. उंची बेताची, आवाज मोठा, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. साडीवर पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात भाजलेल्या शेंगा. दुपारी वेळ मिळाला नाही की शेंगा फोडत फोडत रिपोर्ट वाचायच्या आणि टरफलं माझ्या टेबलावर ठेवायच्या. मी बोलले की म्हणायच्या, "तुह्या टेबलावर रक्त चालते, टरफलं चालत नाही?"

त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे, "आणखी काय?"

पेशंट म्हणायचा, तोंडात पांढरं आलं. "आणखी काय?" दोन महिन्यांपासून जुलाब. "आणखी काय?" बस, एवढंच. "एवढ्यासाठी तू रिसोडहून जीप करून आला? आणखी काय?" मग तो माणूस खाली बघायचा आणि ज्यासाठी खरा आला ते सांगायचा. मॅडम म्हणायच्या, माणूस एक दुखणं दाखवायला येतो आणि दुसरं लपवायला. जे लपवतो, ते आपलं काम.

त्या 'गुप्तरोग' हा शब्द वापरू देत नसत. एका ओळखीच्या शिक्षकांनी खाजगीत विचारलं, "मॅडम, गुप्तरोगाचं जरा..." तर त्या म्हणाल्या, "गुरुजी, गुप्त काहून म्हणता? अंगावर उठून राह्यला तो. डोळे मिटले म्हणून गुप्त होते काय?"

एचआयव्हीचा विषाणू काय करतो, हे आमच्या समुपदेशक ताई तक्ता दाखवून सांगायच्या. पांढऱ्या पेशी, सैनिक, किल्ला वगैरे. मॅडम दोन वाक्यांत सांगायच्या. "तुह्या वावराचं कुंपण तुटलं हाय. कुंपण तुटलं की एकच ढोर शिरते काय? मंग एक हाकललं म्हणून घरी जाऊन झोपू नोको." शेतकऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नसे. तो लगेच विचारायचा, "मंग कुंपण कसं बांधाचं?" मॅडम गोळ्यांची बाटली त्याच्या हातात द्यायच्या. "हे कुंपण. रोज एक तार वढाची."

ही कुंपणाची गोष्ट त्यांच्या घरची होती. लहानपणी वडिलांनी त्यांना ज्वारीच्या राखणीला बसवलं होतं. काट्याच्या कुंपणाला भगदाड पडलं आणि एक म्हैस आत शिरली. छोट्या कुसुमनं ती म्हैस मोठ्या शूरपणे पार नाल्यापर्यंत पिटाळली आणि परत येऊन पाहते तर मागून शिरलेल्या गावच्या गाई निवांत कणसं खात होत्या. "बापानं मले तुरीच्या काडीनं असं झोडलं," मॅडम हसत सांगायच्या, "तवापासून मी एका म्हशीवर खूश होत नाही."

कामात त्या सोप्या नव्हत्या. एकेका पेशंटला एवढा वेळ लावायच्या की बाहेरची रांग कुरकुर करायची. वरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे पेशंट इतके कमी का तपासून होतात?" मॅडम म्हणाल्या, "साहेब, पेशंट कमी नाहीत. प्रत्येकाचे आजार जास्त आहेत." साहेबांना ते उत्तर काही आवडलं नाही. आमच्यावरही त्या चिडायच्या. रिपोर्टवर नुसतं 'निगेटिव्ह' लिहून पाठवलं की मला बोलावून घ्यायच्या. "निगेटिव्ह म्हणजे नाही, की सापडलं नाही?" मी म्हणायची, "मॅडम, एकच झालं ना." "एक नाही झालं. सासूले चष्मा सापडला नाही म्हणजे घरात चष्माच नाही काय?"

त्यांना चिडताना मी पुष्कळदा पाहिलं, पण आजारी माणसावर चिडताना पाहिलं नाही.

आमच्याकडं येणारा एक जीपवाला होता. रिसोडच्या बाजारात सोयाबीनच्या दिवसांत शेतकऱ्यांची ने-आण करायचा. बोलका माणूस. गोळ्यांनी वजन वाढलं, गाल भरले, आणि त्यानं मनानंच गोळ्या सोडल्या. महिना-दोन महिन्यांनी आला तो पिवळा होऊन, डोळे हळदीसारखे, आणि डोक्यावर काविळीची माळ. आमच्याकडं कसल्याशा काड्यांची माळ देतात, ती डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत वाढत गळ्यात येते म्हणतात. जीपवाल्याची माळ अजून कानापर्यंतच होती.

तेव्हा आमच्याकडं नवे डॉक्टर आले होते, निखिल सर. पुण्याकडचे, हुशार, मनापासून काम करणारे. ते म्हणाले, "गोळ्यांमुळे लिव्हरला त्रास झाला असेल." जीपवाला लगेच म्हणाला, "तेच तं मी म्हणतो, त्या गोळ्याच बेकार हायेत."

"त्या तर तू सोडल्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "मंग त्या गोळ्या काय बाटलीतून तुले बाधल्या?" त्यांनी मला त्याचं रक्त हेपॅटायटिस बी साठी तपासायला सांगितलं. निघालं. एचआयव्हीच्या ज्या गोळ्या तो घेत होता, त्यांतलंच औषध लिव्हरच्या विषाणूलाही दाबून ठेवतं. त्यानं गोळ्या सोडल्या आणि दोन्ही विषाणू एकदम उठले. म्हणजे ज्या गोळ्यांवर आळ आला, त्याच त्याला वाचवत होत्या.

निखिल सर माळेकडं बघून म्हणाले, "आधी ते डोक्यावरचं काढा." मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. माळ वाढू द्या न त्याची." मग जीपवाल्याला म्हणाल्या, "फक्त तू गोळ्या सुरू कर, अन् दारूचा थेंब नाही." पुढच्या महिन्यात जीपवाला आला तो डोळे पांढरेशुभ्र आणि माळ गळ्यात. सगळ्यांना माळ दाखवत हिंडला. मॅडमना म्हणाला, "पाहा, उतरली न माळेनं?" मॅडम म्हणाल्या, "हाव बाप्पा, उतरली. आता माळ ठेव देवाजवळ अन् गोळ्या ठेव जेवणाच्या ताटाजवळ. दोन्हीले विसरू नोको." तो गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही त्याला खरं का सांगितलं नाही?" त्या शेंग फोडत म्हणाल्या, "गोळ्या घेऊन राह्यला न तो? मंग श्रेय माळेले जाऊ दे. मले कुठं प्रमोशन पायजे."

आता सुनीताचं सांगते. हे तिचं खरं नाव नाही आणि गावही मी सांगणार नाही.

सुनीता पंचविशीतली. नवरा सोयाबीनचे ट्रक घेऊन परमुलखात जाणारा. पहिल्या बाळंतपणात आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, आणि त्याच वेळच्या तपासणीत दोघं नवरा-बायको एचआयव्हीबाधित निघाले. गोळ्या सुरू झाल्या. मग तिला पुन्हा दिवस गेले. सुरुवातीला ओकाऱ्या इतक्या की गोळी पोटात टिकेना, त्यात तिची ताकद खाली आली. पुढं सावरली. आता सातवा संपत आलेला. तिला एकच पाहिजे होतं, हे बाळ जिवंत हातात यावं. दर वेळी ती मला तेवढंच विचारायची, "ताई, याले काही होणार तं नाही न?"

त्या दिवशी सासू तिला घेऊन आली. सासू म्हणजे बोलण्यात मिरची आणि सुनेवर जीव. लेकाचा आजार कळल्यावर भावकीत एक शब्द बाहेर जाऊ दिला नव्हता तिनं. सुनीताला कंबरेवर नागीण झाली होती. पाण्याचे फोड, आग, रात्रीची झोप नाही. आमच्याकडं नागीण झाली की गेरू लावतात. शेजारच्या गावात एक माणूस मंतरून गेरू देतो. नागिणीचं तोंड आणि शेपटी एकमेकांना भेटली की माणूस वाचत नाही, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. सासू त्याच भीतीनं रोज सकाळ-संध्याकाळ गेरू कालवून लावत होती. सुनीता खोलीत आली तेव्हा ती पोळ्यातल्या बैलासारखी रंगलेली होती, हे सासूचंच वाक्य.

निखिल सरांनी कंबर पाहिली, फोड पाहिले, निदान केलं. बरोबरच होतं. कुंपण कमजोर झालं की लहानपणीच्या कांजिण्यांचा दडून बसलेला विषाणू उठतो आणि नागीण होते. गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या त्यांनी लिहिल्या. रक्तही माझ्याकडं पाठवलं. त्यात सिफिलिसची तपासणी असतेच, ती मी केली. निगेटिव्ह. तिसऱ्या महिन्यातली पण निगेटिव्हच होती. सगळं जुळलं होतं. सुनीता उठून निघालीच होती.

मॅडम शेजारच्या टेबलावरून म्हणाल्या, "सुनीता, चपला काढ वं."

सासू म्हणाली, "मॅडम, दुखते कंबर, तुमी पाय कायले पाहता?"

"सवय हाय माय मले."

तळवे गेरूनं माखलेले. तळहात पण. मॅडमनी तिचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले. मग सासूला विचारलं, "नागीण कंबरेले हाय. मंग तळहाताले गेरू काहून?"

"लावता लावता लागला असन."

"तुमच्या हाताले लागन. इच्या कसा लागला? अन् पायाले?"

सुनीताच म्हणाली, "मॅडम, तिथंबी डाग उठले होते. पाठीवरबी. त्या गेरूवाल्या बाबानं सांगतलं होतं, जिथं जिथं डाग दिसन तिथं तिथं नागीणच चालून राह्यली, लावत जा. म्हून आत्याबाईनं लावला."

निखिल सर लगेच उठून आले. "मॅडम, हिची प्रतिकारशक्ती कमी आहे. अशा पेशंटमध्ये नागीण अंगभर पसरू शकते. तसंच झालं असणार."

मॅडम त्यांच्याशी कधी वऱ्हाडीत तर कधी पुस्तकी बोलत. त्या म्हणाल्या, "पसरू शकते, बरोबर आहे. पण पसरली तरी फोडच पसरतील ना? सुनीता, तळहाताची आग होते काय?"

"नाही जी."

"दुखते? खाजते? पाणी होतं त्या डागात?"

"काहीच नाही. नुसतेच डाग."

"ऐकलं?" मॅडम म्हणाल्या. "नागीण वेदनेशिवाय चालत नाही. ही कोणीतरी दुसरी आहे."

त्यांनी मला खोबरेल तेल आणि कापूस आणायला सांगितलं. मी सिस्टरला हाक मारणार होते, पण मॅडमनी बाही वर केली होती. दिवसच्या दिवस थरावर थर बसलेला गेरू, पाण्यानं जाणारा नव्हता. त्या तेल लावायच्या, थांबायच्या, कापसानं हलकेच पुसायच्या. आधी डावा हात, मग उजवा, मग पाय. बाहेर रांग कुरकुरत होती. सासू उभी होती ती हळूच खाली बसली आणि सुनेचा दुसरा पाय पुसू लागली.

गेरूखालून डाग निघाले. तांब्यासारखे, गोल, चपटे, कडेला किंचित साल सुटलेले. दोन्ही तळहातांवर आणि दोन्ही तळव्यांवर.

मला तोवर एवढं कळत होतं की असे डाग बघितल्यावर पहिलं नाव कशाचं घ्यायचं. पण माझी टेस्ट निगेटिव्ह होती, आणि माझ्या टेस्टवर माझा भरोसा होता. मी म्हटलं, "मॅडम, सिफिलिस नाही आहे. मी स्वतः केली टेस्ट, शेजारी कंट्रोलचे माहितीतले नमुने लावून केली."

"तुह्या कामात खोट नाही," मॅडम म्हणाल्या. "रक्त पातळ करून पुन्हा कर. सलाइनमध्ये. निम्मं, पाव, त्याच्याही खाली जा."

मला ते उलटं वाटलं. पातळ केल्यावर सापडतं का काही? मॅडम माझ्या मागं लॅबपर्यंत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. "रिसोडच्या मार्केटमध्ये सोयाबीनचा ढीग पाह्यला तू? एका ढिगावर अडत्यांची अशी गर्दी झाली की कोणाचा बोल कोणाले ऐकू येत नाही, सौदा होत नाही. गर्दी पातळ झाली की सौदा जुळते. कधीकधी रक्तात तसंच होते. आजाराविरुद्धची द्रव्यं इतकी जास्त होतात की टेस्टचे कण एकमेकाले चिकटतच नाही. एचआयव्हीच्या पेशंटमध्ये हे जरा जास्त पाह्यले भेटते."

मी पातळ केलं. कार्डावर थेंब टाकले, औषध टाकलं, फिरवलं. पहिल्या गोलात आधीसारखंच, कण सारखे पसरलेले. त्याच्या पुढच्यात किंचित रवाळ. आणि त्याच्या पुढं काळे कण दह्यासारखे फुटून गोळा झाले, लांबूनही दिसतील असे. मी आणखी पातळ केलं, तरी तसेच. दुसरी खातरजमेची तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह.

मॅडमनी कार्ड उजेडात धरून पाहिलं. चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. म्हणाल्या, "चला, वेळेत सापडलं. हे पोटातल्यापर्यंत जाते. इंजेक्शन आजच."

आत जाऊन त्यांनी सुनीताला आणि सासूला समोर बसवलं. सोपं करून सांगितलं. नागीण एक आणि हा दुसरा, दोन्ही एकाच वेळी शिरलेत. दुसऱ्याचं नाव सिफिलिस, नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, आणि पक्कं आहे. सुनीतानं पोटावर हात ठेवला. तिला काय विचारायचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

"आज इंजेक्शन घेतलं तं बाळाले औषध तुह्याकडूनच पोचते," मॅडम म्हणाल्या. "अजून वेळ हाय आपल्या हातात. म्हणून तं मी घाई करून राह्यली."

सासूला आता दुसरंच काही सुचलं. तिचा आवाज बारीक झाला. "मॅडम, मी गेरू लावून लावून हे झाकून टाकलं. माह्याच हातानं पोराचं वाटोळं केलं असतं मी."

मॅडम सासूकडं वळल्या. "आत्याबाई, आयका माह्यं. तुमी जिथं जिथं डाग होता, तिथं तिथं नेमका गेरू लावला. एक डाग सोडला नाही. तुमी नसता लावला तं मी कंबर पाहून कदाचित तिथंच थांबली असती. तुमी तं मले नकाशा काढून देला." सासूनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग त्या बाबाले मी देल्लेला नारळ वाया नाही गेला म्हणा." मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरची रांग आत डोकावली.

इंजेक्शन दिल्यावर त्या दिवशी ताप चढतो, कधी पोटही आवळून येतं. मॅडमनी तिला भरती करून घेतलं. दुपारून खरंच ताप आला, पोट कडक झालं. सुनीता घाबरून रडायला लागली. मॅडम तिच्या खाटेशी बसून राहिल्या, पोटावर हात ठेवून, काहीबाही बोलत. संध्याकाळी ताप उतरला आणि बाळानं लाथ मारली. मॅडमच्याच हाताला लागली ती. "पाह्य," त्या म्हणाल्या, "रागीट हाय. बापावर गेलं."

बापाला बोलावणं धाडलं होतंच. दोन दिवसांनी तो आला. आल्या आल्या म्हणाला, "मले काहीच नाही. मी एकदम फिट हाय."

सासू, म्हणजे त्याची आई, तोंड उघडणार होती. तिला जाब विचारायचा होता, कुणापासून आणलं. मॅडमनी हात वर करून थांबवलं. "कोणापासून आलं हे मी पाहत नाही. कोठपर्यंत गेलं ते पाहतो." मग त्याला म्हणाल्या, "तू मले खरं सांगू नोको, काही गरज नाही. फक्त बूट काढ."

त्यानं बूट काढले. मोजे काढताना त्याचा हात थांबला. तळव्यांवर पुसट होत चाललेले तेच डाग. तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "मॅडम, पहिलं पोरगं माह्यामुळंच गेलं काय?"

निखिल सर माझ्याकडं बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "ते मले माहीत नाही, अन् आता ते कोणालेच सांगता येत नाही. हे दुसरं वाचवणं तुह्या हातात हाय, एवढं मले माहीत हाय. तिच्यासंगं तुह्यं पण इंजेक्शन. बायकोच्या गोळीच्या टायमाले तू जिथं असशीन तिथून फोन कराचा. ट्रक बाजूले लावून." त्यानं मान डोलावली. आणि खरं सांगते, तो करायचा फोन. आधी सासू सांगायची कौतुकानं, मग वैतागून, "रोज फोन, रोज फोन, हिनं काय गोळी खाल्ली नाही तं हा ट्रक सोडून येते."

पुढच्या आठवड्याला सुनीताचं पुन्हा इंजेक्शन झालं. तिची नागीण सुकली, डाग विरत गेले. मी दर महिन्याला तिचं रक्त पातळ करून बघायची आणि किती पातळ करेपर्यंत कण जमतात तो आकडा खाली उतरत होता. दिवस भरल्यावर तिला मुलगा झाला. रडला तो एवढा की वॉर्डातल्या बाया हसायला लागल्या. निखिल सरांनी त्याला टॉर्च घेऊन पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. आता तेही चपला काढायला लावतात.

मॅडम त्यानंतर थोड्याच महिन्यांत निवृत्त झाल्या. निरोपाला भाषणं झाली, शाल-नारळ झाला. मॅडम दोन मिनिटं बोलल्या आणि त्यातलं एक मिनिट एक्स-रे मशीन बंद पडल्याबद्दल होतं.

मुलाची एचआयव्हीची शेवटची तपासणी दीड वर्षाचा झाल्यावर असते. ती मीच केली. निगेटिव्ह आली आणि मी सगळ्यात आधी मॅडमना फोन लावला. त्यांनी मला तारीख आणि निकाल पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "अन् दुसरी?" म्हटलं, "तीही केली मॅडम, पातळ करून सुद्धा केली. काही नाही." "मंग फोन ठेव," त्या म्हणाल्या, "मले जरा शांत बसू दे."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. रिसोडच्या बसस्टँडवर. मॅडम मुलीकडं नागपूरला कायमच्या राहायला निघाल्या होत्या, मी त्यांना पोचवायला गेले होते. सामान खाली ठेवून आम्ही बोलत उभ्या होतो. समोरून सुनीता येताना दिसली, कडेवर पोरगा, हातात पिशवी. मी हात वर करणार तोच मॅडमनी माझा हात खाली दाबला. आमच्या कामात हा नियम आहे. केंद्राबाहेर पेशंट भेटला तर आपण त्याला ओळखायचं नाही. 'ह्या डॉक्टर कुठल्या, तू यांना कशी ओळखते,' असा प्रश्न गावच्या माणसानं विचारला तर तिनं काय सांगावं? तिच्या गावच्या दोन बाया सोबत होत्याच. मॅडमनी चष्मा नीट केला आणि बसची पाटी वाचायला लागल्या. पाटी कोरी होती.

सुनीता आमच्याजवळून पुढं गेली. मग थांबली. गावच्या बायांना काहीतरी बोलली आणि परत फिरली, सरळ मॅडमपुढं येऊन उभी राहिली. तेवढ्यात तिची बस लागली. आमच्याकडं बस लागली की माणसं कशी तुटून पडतात, जागा धरायची तर दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

"मॅडम, धरा बरं याले," सुनीता म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. "मी जागा धरून येतो."

आणि तिनं पोरगा मॅडमच्या हातात दिला. घरच्या माणसाला द्यावा तसा, उत्तराची वाट न बघता, आणि गर्दीत घुसली. गावच्या एका बाईनं विचारलं, "कोण वं ह्या?" सुनीता पायरीवरून मागं न बघता म्हणाली, "डॉक्टरीण हाय माही."

मॅडम पोराला कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. पोरानं त्यांचा चष्मा ओढला, त्यांनी तो ओढू दिला. बसच्या खिडकीत सुनीताचा हात दिसत होता, सीटवर ठेवलेल्या पिशवीवर. आत कुणीतरी तिच्याशी जागेसाठी भांडत होतं आणि ती जोरात सांगत होती, "अठी माह्यं पोरगं बसणार हाय."